शेवटच्या टप्प्यात कॅम्परचा फ्रिज दर वेळी बंद पडतो? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंगचा बोल्ट उघडा

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचा त्रासही हाच आहे का ते लगेच कळेल. घरून निघताना मागची बॅटरी (इंजिनची नव्हे, फ्रिज-दिवे चालवणारी वेगळी) पूर्ण भरलेली असते. पहिले तीन-चार दिवस फ्रिज, पंखा, दिवे, मोबाईल सगळं सुरळीत चालतं. किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरत मालवण गाठेपर्यंत काही तक्रार नसते. मग वेंगुर्ला, शिरोडा, रेडी या पट्ट्यात कुठेतरी पहाटे तीन-चारच्या सुमाराला फ्रिजची घरघर थांबते. सकाळी इंजिन सुरू केलं की चार्जरचा हिरवा दिवा लागतो, लगेच विझतो, अर्ध्या मिनिटाने पुन्हा लागतो. दोन तास गाडी चालवा, बॅटरी जिथल्या तिथे. घरी येऊन भिंतीतल्या प्लगला जोडली की रात्रभरात भरते आणि पुढे महिनाभर कुरकुर नाही.

आमच्याकडे हे लागोपाठ तीन सफरींत झालं. बॅटरीवर हजारो रुपये घालून झाले. दोष बॅटरीत नव्हताच.

मला याचं इतकं का लागलं तेही सांगते. आई आमच्याबरोबर असते आणि तिचं इन्शुलिन त्या फ्रिजमध्ये असतं. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. वापरात काढलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं (औषधानुसार फरक पडतो, पाकिटावरचं वाचा), पण तेही ३० अंशांच्या आत. कोकणात फेब्रुवारीच्या दुपारी बंद गाडीच्या आत ४० च्या वर सहज जातं. वेळागरच्या सुरूच्या बनात पहाटे फ्रिज गप्प झाला आणि आईने अंधारातून विचारलं, "अगं, बंद पडला का गं परत?" त्या "परत"ने मला रात्रभर झोप लागली नाही.

आमच्या गाडीची जोडणी थोडक्यात सांगते. जुनी मोठी व्हॅन, आतून आम्ही घडवून घेतलेली. इंजिनच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत डीसी-डीसी चार्जर (इंजिन चालू असताना त्याच्या विजेवर मागची बॅटरी भरणारा), २० अँपिअरचा. मागे १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम बॅटरी, टपावर २०० वॅटचं सोलर पॅनल, आणि ४५ लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज. पहिल्या सफरीत लिथियमच्या जागी इन्व्हर्टरवाली ट्यूब्युलर बॅटरी होती. ती "दमली" असं दुकानदार म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. दुसऱ्या वर्षी लिथियम घातली, तरी शिरोड्यात तेच झालं. तिसऱ्या वर्षी, पुन्हा शिरोड्यातच, खूण पटली.

तिथे बाजारात गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका काकांकडे गाडी नेली. त्यांनी मागच्या बॅटरीवर मीटर लावलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, दोन मिनिटं हिरव्या दिव्याची उघडझाप बघितली आणि म्हणाले, "बॅटरेक काय एक झालेला नाय. करंट वाटेर खंय तरी अडाकता." मग चालकाशेजारच्या सीटखालची फळी काढली, चार्जरची काळी, म्हणजे मायनसची वायर जिथे गाडीच्या बॉडीला बोल्टने कसलेली होती (हेच अर्थिंग, करंट बॉडीतूनच इंजिनच्या बॅटरीकडे परत जातो) तिथे बोट टेकवलं आणि पटकन मागे घेतलं. मला म्हणाले, "हात लावन बघा." मी लावला. चटका बसला.

तो बोल्ट खोलल्यावर जे दिसलं ते नीट सांगते, कारण तुम्हाला हेच शोधायचं आहे. वायसरखाली पांढरी भुकटी होती, खारवलेल्या भिंतीवर फुलते तशी. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) मोरचुदासारखं हिरवं पडलेलं. बॉडीचा पत्रा त्या जागी खरवडलेलाच नव्हता. रंगावरच थिंबल दाबून बोल्ट आवळला होता, त्यामुळे सगळा करंट केवळ बोल्टच्या आट्यांतून जात होता आणि त्या आट्यांना गंज चढला होता. काकांनी वायरचं आवरण सोललं तर आतलं तांबं चार बोटं आतपर्यंत काळं. खारं दमट पाणी तारांच्या पिळातून वातीसारखं आत ओढलं जातं, म्हणून नुसतं टोक घासून काम भागत नाही. तांबं लखलखीत दिसेपर्यंत वायर कापावी लागते.

आता हे प्रत्येक वेळी शेवटच्याच टप्प्यात का व्हावं, याचा मी बराच विचार केला. तीन गोष्टी एका वेळी जुळून येतात.

पहिली मिठाची. शिरोड्याची मिठागरं ज्या वाऱ्या-उन्हावर चालतात त्याच हवेत आपण आठवडाभर गाडी उभी करतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच हे. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता बहुतेक त्याच्या वरच असते, म्हणजे बोल्टवर बसलेला मिठाचा थर रात्रभर ओला राहतो आणि तांबं-लोखंडाच्या सांध्याला खात राहतो. त्यात फेरीबोटींची भर. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, प्रत्येक ठिकाणी रॅम्पवर चढता-उतरता गाडीच्या पोटाला खारं पाणी उडतं. मुंबईहून निघताना सांधा जितका बरा असतो तितका तो वेंगुर्ल्यात राहिलेला नसतो.

दुसरी गोष्ट इंजिनची. सकाळच्या गारव्यात, मोकळ्या रस्त्यावर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) १४.२-१४.३ व्होल्ट देतो. पण परुळे, कोचरा भागातले अरुंद चढ-उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, एसी आणि हेडलाईट लावून काढले की इंजिनखाना तापतो, आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर उष्णता वाढली की व्होल्टेज थोडं खाली आणतो. १३.६ ते १३.८ वर येतं. एरवी हा फरक जाणवतसुद्धा नाही. सांधा खराब असला की नेमका तेवढाच फरक नडतो.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. मालवण ते तेरेखोल सगळं मिळून शंभर किलोमीटर भरत नाही. रेवस-रेडी सागरी मार्गाचा हा शेवट आपण घाई न करता, दोन-दोन रात्री मुक्काम करत काढतो, आणि गाडी सुरूच्या किंवा माडांच्या सावलीत लावतो. लावायलाच हवी, नाहीतर आत भाजून निघू. पण मग इंजिन रोज तासभरच चालतं आणि सोलरवर सावली.

हिशेब असा. आमचा फ्रिज चालू असताना ४ ते साडेचार अँपिअर घेतो आणि कोकणातल्या उन्हाळी हवेत निम्मा वेळ चालू असतो, म्हणजे दिवसाला ५० एएच. पंखा, दिवे, पंप, मोबाईल मिळून १५. एकूण ६५. पॅनल उघड्या उन्हात, स्वच्छ असताना ६० च्या आसपास देतं. सुरूखाली २०-२५ मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे मुक्कामाच्या दिवशी ४० ची तूट. चार्जर नीट चालला तर दोन तासांच्या प्रवासात ती भरून निघते, २० अँपिअर गुणिले दोन तास. चार्जर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला बंद पडत असेल तर नाही, आणि भरलेली बॅटरीसुद्धा अडीच दिवसांत तळाला जाते. मालवणला पोचेपर्यंत लांब पल्ल्याचे प्रवास ही तूट झाकत होते. दोष तेव्हाही होताच.

आता तपासणी. एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, गाडीतून काही काढायचं नाही. एकच अट: मागची बॅटरी थोडी रिकामी हवी, इंजिन चालू हवं आणि चार्जर करंट ओढत असायला हवा. करंट वाहत नसताना खराब सांधासुद्धा निर्दोष व्होल्टेज दाखवतो. दुकानात गाडी बंद ठेवून मोजतात आणि "वायरिंग ओके" सांगतात, ते म्हणूनच. मीही दोन वर्षं त्यावर विश्वास ठेवला.

आधी इंजिनच्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मोजा. आमचं होतं १३.८. मग चार्जरच्या इनपुटच्या दोन स्क्रूंवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट मोकळी आहे, दोष दुसरीकडे शोधा. आमच्याकडे हिरवा दिवा लागलेला असताना आकडा घसरून १२.५ वर येत होता. म्हणजे वाटेत १.३ व्होल्ट गळत होते.

कुठे गळतात ते शोधायची युक्ती काकांनी शिकवली. मीटरची एक पिन इंजिनच्या बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी चार्जरच्या प्लसवर ठेवायची. वाट धड असेल तर आकडा जवळजवळ शून्य येतो, जे काही दिसेल ती त्या बाजूची गळती. आमची ०.२५. सहा मीटर लांब, १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, दोन फ्यूज आणि त्यांचे सांधे धरून हे योग्य आहे. मग हेच मायनसच्या बाजूने, बॅटरीच्या मायनसपासून चार्जरच्या मायनसपर्यंत. तिथे १.०२!

चार्जर तेव्हा २४ अँपिअर ओढत होता. एक व्होल्ट गुणिले २४ अँपिअर म्हणजे जवळपास २५ वॅट, आणि ते बहुतेक सगळे त्या एका बोल्टवर. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. बोटाला चटका का बसला ते मला तेव्हा उमजलं, आणि शेजारीच प्लायवूड आणि स्पंज आहे हे बघून पोटात गोळा आला. फ्रिज बंद पडणं हा यातला लहान भाग होता.

चार्जरच्या उघडझापीचं गणितही इथेच सुटतं. आमचा चार्जर इनपुट १३.२ च्या वर गेलं की "इंजिन सुरू आहे" असं समजून चालू होतो, आणि १२.७ च्या खाली गेलं की "इंजिन बंद झालं" समजून थांबतो, पुढची बॅटरी वाचवायला. थांबलेला असताना करंट नाही, म्हणून गळती नाही, इनपुट १३.८. तो चालू होतो. चालू होताच गळती सुरू, इनपुट १२.५. तो थांबतो. दिवसभर हेच. तुमच्या चार्जरचे आकडे वेगळे असतील, माहितीपुस्तिकेत बघा, पण उघडझाप दिसली की सगळ्यात आधी गळती मोजा. हे आकडे खाली आणण्याची सोय काही चार्जरमध्ये असते आणि हमखास कोणीतरी तसा सल्ला देतं. कृपा करून तसं करू नका. चार्जर चालू राहील आणि तो बोल्ट आणखी तापेल.

दुरुस्तीला दीड तास लागला. आधी चार्जर आणि सोलर बंद केलं, मग दोन्ही बॅटऱ्यांची मायनस काढली. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हे सोडू नका. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॉडीवरचा सांधा आम्ही कायमचा सोडून दिला. चार्जरपासून थेट इंजिनच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत १६ स्क्वेअर एमएमची दुसरी वायर टाकली, कलई केलेल्या तांब्याची. ती महाग पडते आणि मुंबई-पुण्यात बोटींचं सामान विकणाऱ्याकडे विचारावी लागते. साधी तांब्याची टाकलीत तरी चालेल, पण टोकं नीट बंद करा. थिंबल हातोडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून घ्या, आणि वर गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. तापवल्यावर कडेने गोंद बाहेर आला की पाण्याची वाट बंद झाली समजा. नुसती काळी चिकटपट्टी उलट ओल धरून ठेवते.

बॉडीलाच अर्थिंग करावं लागणार असेल, आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या मूळ पट्टीच्या बाबतीत ते लागतंच, तर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा. थिंबल थेट त्या पत्र्यावर बसवा, दातेरी वायसर वरून, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपडा. क्रम महत्त्वाचा आहे. धातूला धातू आधी भिडला पाहिजे, ग्रीस त्याचं बाहेरून रक्षण करतं. ती मूळ पट्टी सगळेच विसरतात. आमची अर्धी तुटलेली होती आणि सेल्फ मारताना गाडी का कुंथते याचं उत्तर आम्हाला फुकटात मिळालं.

त्यानंतरचे आकडे: बॅटरीवर १३.८, चार्जरवर १३.४, हिरवा दिवा स्थिर. काकांनी वायर आणि मजुरी मिळून जे पैसे घेतले ते लिथियम बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य होते. आई बाहेर खुर्चीत बसली होती, तिला जाताना म्हणाले, "काकी, आता काळजी करू नको."

गळती सापडली नाही तर काय, हे भराभर सांगते. बॅटरीवर १२.९ आणि तरी फ्रिज कमी व्होल्टेजची खूण दाखवत असेल तर त्याचा सिगारेट लायटरसारखा सॉकेट काढून टाका आणि वायर फ्यूजमार्गे थेट जोडा. त्या सॉकेटची स्प्रिंग खाऱ्या हवेत लवकर मरते. फ्रिजलाच कमी-मध्यम-जास्त अशी बॅटरी राखण्याची सेटिंग असते. ती "जास्त"वर असेल तर तो फार लवकर थांबतो. लिथियमला स्वतःचा बीएमएस (बॅटरीला जपणारं, गरज पडल्यास तिला बंद करणारं आतलं सर्किट) असल्याने "कमी"वर ठेवलं तरी चालतं, ट्यूब्युलरला नाही. शिसाच्या बॅटरीत विश्रांतीनंतरचे १२.१-१२.२ व्होल्ट म्हणजे निम्मी संपली, त्याखाली वारंवार नेऊ नका. लिथियम टर्मिनलवर अचानक शून्य किंवा नगण्य व्होल्टेज दाखवत असेल तर घाबरू नका, बीएमएसने दार लावलंय. योग्य चार्जर मिळाला की उघडेल. मात्र घाईघाईत जंपर केबलने ती थेट इंजिनच्या बॅटरीला जोडू नका. रिकामी लिथियम बेफाम करंट ओढते आणि केबल वितळते. आणि सोलरवर बोट फिरवून चाटून बघा. खारट लागलं तर सकाळी लवकर, काच गार असताना गोड्या पाण्याने धुवा. समुद्रकाठी आठवड्यात दोनदा तरी.

पहाटे फ्रिज बंद पडलाच, आणि आत औषध असेल, तर त्या क्षणी दुरुस्ती शोधत बसू नका. झाकण उघडू नका, भरलेला फ्रिज काही तास गारवा धरतो. उजाडलं की जवळच्या खानावळीत किंवा ज्यांच्या अंगणात गाडी लावली आहे त्यांच्याकडे जा आणि औषध त्यांच्या फ्रिजच्या दारात ठेवायला सांगा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यावं लागतं. शिरोड्यात आम्ही एका घरी विचारलं तर त्या काकूंनी दारातल्या ताकाच्या बाटल्या काढून जागा करून दिली आणि वर आईला आंबोळी खायला बसवलं. बाहेरच ठेवावं लागलं तर थर्मासमध्ये बर्फ, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर पेन. बर्फाला थेट लागू देऊ नका. ओल्या फडक्याचा किंवा मडक्याचा उपाय देशावर छान चालतो, पण कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे फारसा गारवा मिळत नाही.

आता निघण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतर जयगडची खाडी ओलांडल्यावर एकदा, मी इंजिन चालू ठेवून ते दोन आकडे मोजते आणि वहीत लिहिते. मायनसच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की सांधे खोलायचे, असं ठरवलंय. गोड्या पाण्याचा पाईप मिळेल तिथे गाडीचं पोटही धुऊन घेते, बोटीतून उतरल्या दिवशीच.

यंदा आठ रात्रींची सफर झाली, त्यातल्या दोन वेळागरला, त्याच सुरूच्या बनात. नवव्या दिवशी सकाळी तेरेखोलचा किल्ला उतरून केरीच्या फेरीत गाडी चढवली आणि इंजिन बंद केलं. मागची बॅटरी ७४ टक्के होती. आईने फ्रिजचं झाकण उघडून पेनं हातात घेतली, गार आहेत म्हणाली, आणि झाकण लावून पाणी बघायला कठड्याशी जाऊन उभी राहिली.